ऑगस्टच्या चाळीस गोळ्या

“तुझ्या नवऱ्याला सांग, मी मेले की बसू दे त्याला खुर्चीत. तोवर मी इथून हलत नाही.”

दियोलिंडा हे पोर्तुगीजमध्ये बोलली, आणि टीव्हीवरची नजर जराही न हलवता बोलली.

“काय म्हणतेय?” लाइलने स्वयंपाकघराच्या दारातून इंग्रजीत विचारलं.

“उकडतंय म्हणतेय,” फिलोमेना म्हणाली.

“नुसतं उकडतंय म्हणायला एवढं लांब वाक्य?”

“पोर्तुगीजमध्ये उकाडा जास्त असतो.”

रविवार होता. चर्चमधल्या मिस्साहून घरी आल्या आल्या भांडण पेटलं होतं आणि बारा वाजत आले तरी विझायचं नाव घेत नव्हतं. मुळात ते कूलरचं भांडण. दियोलिंडाची खोली घराच्या मागच्या अंगाला, पश्चिमेकडे. दुपारनंतर तिथल्या भिंतीला हात लावला तर चटका बसे. म्हणून तिच्या पलंगाशी चाकांवरचा एक मोठा कूलर असायचा. मागे गवताच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी, पुढे पंखा. तीन आठवड्यांपूर्वी फिलोमेना तो लाइलच्या पिकअपमध्ये चढवून विद्यापीठातल्या आपल्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. “दोन दिवसांत परत आणते,” असं सांगून. दियोलिंडाने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी उशी, जपमाळ आणि चष्म्याची डबी घेऊन ती पुढच्या खोलीत आली, जिथे घरातला एकमेव एसी होता, आणि लाइलच्या आरामखुर्चीत बसली. तेव्हापासून ती तिथेच होती.

लाइलने तीस वर्षं अमेरिकेतल्या डिक्सन गावच्या शेतकऱ्यांना ठिबकचे पाइप आणि व्हॉल्व्ह विकले होते. दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला, आणि त्या खुर्चीत बसून बेसबॉल बघणं एवढीच त्याची पेन्शननंतरची मागणी होती. आता तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून फोनवर सामने बघत होता आणि बोटावर दिवस मोजत होता. नऊ सप्टेंबरला बायको सासूला घेऊन दोन आठवडे तेर्सेरा या पोर्तुगीज बेटावर, तिच्या जन्मगावी, जाणार होती. दियोलिंडाची थोरली बहीण उंबेलिना तिथे होती. एकोणनव्वद वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. दोघी बहिणींची भेट होऊन सत्तावीस वर्षं झाली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नऊ तारखेला दियोलिंडाने लाल शाईने क्रूस काढला होता. लाइलनेही त्याच चौकोनात एक बारीक चांदणी काढून ठेवली होती.

“आणि ओव्हनचं काय?” लाइल म्हणाला. “बाहेर एकशे आठ फॅरनहाइट आहे. एकशे आठ! आणि ही बाई सकाळी सातपासून ओव्हनमध्ये मातीचं मडकं ठेवून बसलीय. विचार तिला, तिच्या बेटावर कधी ऊन पडतं का.”

“लाइल विचारतोय, मांस कधी होईल,” फिलोमेनाने आईला सांगितलं.

“त्याचं डोकं शिजायच्या आधी होईल म्हणावं.”

“एक वाजता होईल म्हणतेय.”

एकतीस वर्षं हे असं चाललं होतं. दियोलिंडाला इंग्रजी पुरतं समजायचं आणि लाइलला पोर्तुगीजमधले वाईट शब्द तर नक्कीच समजायचे. पण समजतंय असं कबूल करायला दोघंही तयार नव्हते, आणि फिलोमेनाला मधे बसून दोन्हीकडची धार बोथट करत राहावं लागायचं.

एकला मडकं टेबलावर आलं. वाइनमध्ये सहा तास शिजलेलं मांस, सोबत गोडसर पाव आणि लाइलसाठी अंगणातले टोमॅटो कापून. लाइलने मिठाची बाटली उचलली, नेहमीप्रमाणे टेबलावर दोनदा आपटली आणि टोमॅटोवर जोरात झटकली. भसकन मिठाचा ढीग पडला.

“घ्या! आता हे कोण खाणार?” त्याने बशी पुढे ढकलली. “बाटली आपटायची सवय लागलीय ना हाताला. कूलर होता तेव्हा मिठाचा दगड व्हायचा, तांदूळ घातले तरी सुटायचं नाही. कूलर गेल्यापासून मीठ तेवढं मोकळं झालंय बघ. या घरात चांगली झालेली ती एकच गोष्ट.”

“काय म्हणतो?” दियोलिंडाने विचारलं.

फिलोमेनाने सांगितलं नाही. पावाचा तुकडा तिच्या हातात तसाच राहिला. ती मिठाच्या ढिगाकडे बघत होती.

“अगं, काय म्हणतो तो?”

“मी जरा लॅबमध्ये जाऊन येते,” फिलोमेना म्हणाली.

“रविवारी? जेवणावरून उठून?” हे दोघंही एकदम म्हणाले, आपापल्या भाषेत.

टोमॅटोचे दिवस होते. प्रत्येक वळणावर लालभडक ट्रक कारखान्याकडे निघाले होते आणि वळणावर सांडलेल्या टोमॅटोंचा रस्त्यावर चिखल झाला होता. फिलोमेना एका ट्रकमागे अडकली आणि स्टिअरिंगवर हात आपटत राहिली. पंधरा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास. ट्रकवर राग काढण्यात अर्थ नव्हता, हे तिला कळत होतं.

ती सहा वर्षांची असताना आईबापांबरोबर बेटावरून इकडे आली. बाप दुसऱ्याच्या गोठ्यात दूध काढायचा. ती शाळेच्या आधी वासरांना बाटलीने पाजायची. शाळा संपल्यावर टोमॅटोच्या कारखान्यात रसाचा दाटपणा मोजायच्या कामाला लागली. तिथे चार वर्षांत तिने एकही आकडा अंदाजाने लिहिला नाही, म्हणून मुकादम तिच्यावर वैतागायचा आणि मालक तिला पगार वाढवून द्यायचा. पुढे विद्यापीठात काचसामान धुणारी बाई हवी होती. तिथे गेली ती चोवीस वर्षं तिथलीच झाली. टिल्फर्ड नावाचा एक म्हातारा तंत्रज्ञ होता. त्याने तिला काच धुताना पाहिलं आणि एक दिवस भट्टीपाशी बोलावून म्हणाला, “तू घाई करत नाहीस. ये, तुला एक काम शिकवतो. दिसायला काहीच नाही.”

खरंच दिसायला काहीच नव्हतं. भट्टी सातशे सेल्सिअसवर. आत प्लॅटिनमच्या भांड्यात क्षारांचा वितळलेला रस. वरून एक लांब नळी. धातूच्या ऑक्साइडची पावडर दाबून तिची तांदळाच्या दाण्याएवढी गोळी करायची, वजन करायचं, नळीतून खाली सोडायची. गोळी रसात विरघळते तेव्हा भट्टी किती उष्णता घेते, ते पडद्यावरची रेघ सांगते. रेघ उठते, वळते आणि पाऊणएक तासात पुन्हा जमिनीला येते. मग पुढची गोळी. दिवसाला सहा, फार तर सात.

हे कशासाठी, ते तिने एकदा आईला समजावलं होतं. “आई, ढेकळाच्या आतल्या कणाला चारी बाजूंनी शेजारी असतात. कडेच्या कणाला एकाच बाजूला. म्हणून तो अस्वस्थ असतो. पावडर जितकी बारीक, तितके कडेचे कण जास्त, तितकी अस्वस्थता जास्त. ती किती आहे ते आम्ही मोजतो. पृष्ठऊर्जा म्हणतात तिला.”

“शेजारी नसले की चिडकेपणा येतो, हे मोजायला भट्टी कशाला लागते?” दियोलिंडा म्हणाली होती. “तुझा नवरा बघ.”

पण आईला न सांगितलेली एक गोष्ट होती, आणि आज तीच फिलोमेनाच्या डोक्यात घण घालत होती. हे नॅनोकण आपली अस्वस्थता शमवायला हवेतलं पाणी ओढून घेतात. हावऱ्यासारखं. पाणी प्यालेली गोळी भट्टीत टाकली की ते पाणी तापवण्यातच उष्णता खर्ची पडते आणि सगळा आकडा हलतो. म्हणून कुठल्या पावडरीत किती पाणी आहे ते आधी काटेकोर मोजून वजा करायचं. या पाच पावडरींचं पाणी मे महिन्यात मोजलं होतं. खोली तेव्हा खडखडीत कोरडी होती. इथला उन्हाळा कोरडाच असतो. संध्याकाळी तेवढं खाडीकडून दमट वारं येतं. त्यासाठी वजनाच्या खोलीच्या खिडकीवर फिलोमेनाने स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: ‘पाचनंतर उघडू नये. कुणीही. कधीही.’

आणि त्याच खोलीत तिने स्वतःच्या हाताने पाण्याचा कूलर आणून लावला होता.

सहा ऑगस्टला त्या खोलीची थंड हवा बंद पडली. भट्टीच्या खोलीला वेगळी सोय होती, ती चालू राहिली. वजनाच्या खोलीत मात्र काटा उष्णतेने भरकटायला लागला, आणि ज्युसारा, म्हणजे ब्राझीलची संशोधक मुलगी, जिच्या प्रबंधासाठी हे सगळं चाललं होतं, ती एका दुपारी भोवळ येऊन खाली बसली. दुरुस्तीवाले म्हणाले, सुटा भाग मागवलाय. दुसऱ्या दिवशी फिलोमेना कूलर घेऊन आली. सगळ्यांनी तिला दुवा दिला. इथल्या उष्ण खोऱ्यात वाढलेल्या माणसाला कूलर म्हणजे थंड वारा, बस. टाकीत पाणी भरताना पाणी दिसतं. वारा अंगावर आला की ते विसरायला होतं. जन्मभर ती कूलरच्या वाऱ्यात झोपली होती. तिला त्यात पाणी आठवलंच नाही.

लॅबमध्ये कुणी नव्हतं. कूलर कोपऱ्यात होता, टाकी अर्धी. तिने आधी वही काढली. रोजच्या पानावर डाव्या बाजूला दोन रकाने: खोलीचं तापमान, हवेतली आर्द्रता. तापमान रोज लिहिलेलं. आर्द्रतेच्या रकान्यात एक ऑगस्टला आकडा, आणि त्याखाली महिनाभर ‘वरीलप्रमाणे’च्या दोन रेघा. ऑगस्टमध्ये ती बदलतच नाही, म्हणून दरवर्षी ती अशाच रेघा मारायची. भिंतीवरच्या मापकाकडे बघायचीसुद्धा नाही. टोमॅटोच्या कारखान्यात एकही आकडा अंदाजाने न लिहिणारी बाई ती हीच.

“गाढव,” ती स्वतःलाच म्हणाली. मग पोर्तुगीजमध्ये आणखी दोन शब्द म्हणाली, जे लाइललाही समजले असते.

नुसत्या शंकेवर काही म्हणता येत नाही. तिने सर्वांत बारीक पावडरीच्या दोन गोळ्या दाबल्या. एक शेजारच्या कोरड्या खोलीत ठेवली. दुसरी नेहमीच्या जागी, कूलरसमोरच्या ताटलीत. कूलर सुरू केला आणि खुर्चीत हात बांधून बसली. तासाने दोन्हींचं वजन त्या कोरड्या खोलीतल्या काट्यावर केलं. कोरड्या खोलीतली जवळपास होती तेवढीच. कूलरसमोरची काट्यावर ठेवली तर शेवटचे आकडे स्थिर होईनात. आता इथल्या सुक्या हवेत ते उलटे उतरत होते, एकेक पायरी. पाणी सोडत होती ती, डोळ्यांदेखत. फिलोमेनाने तीनदा करून पाहिलं. तीनही वेळा तेच. मग जाड पावडर घेतली. ती फारशी प्यालीच नव्हती.

म्हणजे बारीक पावडर जास्त पाणी प्याली, जाड कमी, आणि दोघींमधला फरक, जो मोजायचा होता तोच, पुसला गेला. कूलर आल्यापासून ऑगस्टभर टाकलेल्या चाळीस गोळ्या. आणि त्या चाळीस गोळ्यांवरून सगळ्यांनी आनंदाने ठरवलं होतं की ज्युसाराच्या सुईसारख्या आकाराच्या जस्त ऑक्साइडची पृष्ठऊर्जा गोल कणांपेक्षा कमी आहे. नवी गोष्ट. डॉ. वॉरन एकलंडनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, त्यावर परिषदेला गोषवाराही पाठवला होता.

सोमवारी सकाळी ज्युसारा आली तेव्हा फिलोमेना आधीच येऊन बसली होती.

“दोना फिलो, एवढ्या लवकर? बेटावर जायची बॅग भरून झाली वाटतं!” ज्युसारा हसत म्हणाली. ‘दोना’ म्हणजे बाई; ती आदराने तसं म्हणायची. तिला फिलोमेनाचं बेटावरचं पोर्तुगीज ऐकून मजा वाटायची; तिच्या मते तसं बोलणाऱ्या बायका फक्त जुन्या फोटोंत असतात.

“बस,” फिलोमेना म्हणाली. “चाळीसच्या चाळीस गोळ्या वाया गेल्यात. माझ्यामुळे.”

तिने सगळं सांगितलं. वही दाखवली, काटा दाखवला, कूलर दाखवला. ज्युसाराने रेघा मारलेल्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

“तुम्ही?” ती शेवटी म्हणाली. “मी गेल्या वर्षी एकदा खिडकी उघडली, तर महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाहीत तुम्ही! मला सगळ्यांसमोर विचारलंत, घरी कधी पिठाच्या डब्याला झाकण लावलंयस का म्हणून!”

“विचारलं होतं.”

“आणि तुम्ही कूलर लावलात! पाण्याचा!”

“लावला.”

“माझ्या आईने तिकडे सगळ्या गल्लीला सांगितलंय, पोरीने नवीन आकडा काढला म्हणून. मावशीने केक केला होता. त्यावर आकडा लिहिला होता, दोना फिलो! साखरेने!” ज्युसाराने तोंडावर हात ठेवले. रडते की हसते तेच कळेना.

“कदाचित तो खराही असेल,” फिलोमेना म्हणाली. “सुया शांत असतीलही. पण या गोळ्या तसं सांगू शकत नाहीत.”

“पाण्याची सुधारणा करता येणार नाही का? पुन्हा मोजून वजा केलं तर?”

“कुठल्या पाण्याची? कधी मी टाकी भरली, कधी विसरले, कधी नुसता पंखा चालला. प्रत्येक गोळीत वेगळं पाणी. आणि गोळ्या तर विरघळून गेल्या.”

वॉरन एकलंड दहाला आला. साठी ओलांडलेला, उंच, वाकलेला माणूस. सायकलचं हेल्मेट काढायचं विसरून तसंच घालून बसला. इथे साहेबाला नावानेच हाक मारतात.

“वॉरन, ऑगस्टची मोजमापं काढून टाकावी लागतील,” फिलोमेना म्हणाली.

त्याने ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. मग डोळे चोळले.

“किती फरक पडेल?”

“माहीत नाही. माहीत असतं तर वजा केलं असतं.”

“हे बघ, फिलो. चुकीची मर्यादा थोडी रुंद धरू. ‘आर्द्रतेचा परिणाम संभवतो’ असं एक वाक्य घालू. तू सुट्टीवर जा, आईला भेटव बहिणीला. आलीस की बघू.”

“आल्यावर काय बघणार? एकवीस तारखेला इमारतीची वीज जाणार आहे. भट्टी थंड होणार. पुन्हा तापून स्थिर व्हायला चार-पाच महिने. ज्युसाराला डिसेंबरात प्रबंध द्यायचाय.”

“मग तोवर ज्युसारा टाकेल गोळ्या.”

ज्युसाराने मान खाली घातली. पावडर बनवण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता, पण गोळी सोडताना तिचा हात नळीच्या काठाला लागायचा आणि गोळी भिंतीला चिकटून बसायची. दोनदा तसं झालं, आणि दोन्ही वेळा फिलोमेनाने “राहू दे, मी करते” म्हणून तिच्या हातातला चिमटा काढून घेतला होता. तिच्याआधीच्या मुलाच्या हातातला. त्याच्याआधीच्या मुलीच्याही. टिल्फर्डने फिलोमेनाला दोन वर्षं शेजारी उभं करून शिकवलं होतं. तिने चोवीस वर्षांत एकालाही शिकवलं नव्हतं. निबंधांच्या शेवटी आभारात तिचं नाव यायचं, तेही बऱ्याचदा चुकीचं छापलेलं. त्याचा राग तिने असा काढला होता का, की मी नसले तर तुमचं अडलं पाहिजे? ते तिला आत्ता, हेल्मेट घातलेल्या माणसासमोर उभं राहून, कळलं, आणि अजिबात आवडलं नाही.

“तिला येत नाही,” ती म्हणाली. “मी शिकवलंच नाही.”

“आज शिकव की.”

“आज पावडर वाळत घालायचीय. मग ठरावीक ओलाव्याच्या पेटीत दहा दिवस ठेवायची. तेव्हा कुठे सारखी होते. दहा तारखेला गोळ्या सुरू. रोजच्या चार-पाच, नळी बसते आहे की नाही त्याच्या चाचण्या वेगळ्या. वीस तारखेला संपतात. एकही दिवस जादा नाही.” तिने हे काल रात्रीच पाठ केल्यासारखं धडाधडा सांगितलं.

वॉरनने हेल्मेट काढलं. “तुझं तिकीट नऊचं आहे ना?”

“हो.”

“मग मी तुला थांब म्हणू शकत नाही. आणि खरं सांगू, थांबू नकोस असंही मला म्हणवत नाहीये. तो आकडा मला फार आवडला होता.”

“मलाही,” फिलोमेना म्हणाली. “आपल्याला आवडला म्हणूनच कुणी तपासला नाही.”

तिला त्याने ओरडायला हवं होतं. ओरडला असता तर उलट ओरडता आलं असतं. पण तो नुसता खिडकीबाहेर बघत राहिला आणि म्हणाला, “गोषवारा मागे घेतो.” त्यात तिचं नाव कुठेच नव्हतं, त्यामुळे नाचक्की व्हायची ती त्याची होणार होती. तेही तिच्या वाट्याला आलं नाही.

दुपारी तिने आर्द्रतेच्या रकान्यातल्या सगळ्या रेघा लाल शाईने खोडल्या, प्रत्येकीशेजारी ‘पाहिलेली नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली. मग पाचही पावडरी वाळवायला लावल्या. ज्युसारा शेजारी येऊन उभी राहिली. फिलोमेनाने रिकामा चिमटा आणि सरावाची खोटी गोळी तिच्यापुढे सरकवली.

“मनगट नळीला टेकव. नाही, बोटं नव्हे, मनगट. श्वास सोडताना सोड. घेताना नाही.”

“हे तुम्ही मला दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत?”

“मनगट,” फिलोमेना म्हणाली.

चारला ती बाहेर जाऊन गाडीत बसली आणि सॅन होजेच्या तिकीटवाल्या बाईला फोन लावला. ती बाई बेटावरचीच, पाल्हाळ लावणारी. आधी उंबेलिनाची तब्येत विचारली, मग दियोलिंडाच्या गुडघ्यांची, मग म्हणाली की नाव बदलता येत नाही, जुनं रद्द करून नवं काढावं लागेल, आणि शेजारचीच जागा मिळेल याची खात्री नाही. “मिळाली तर फार बरं होईल का, तेही सांगता येत नाही,” फिलोमेना म्हणाली. जागा मिळाली.

ती बराच वेळ गाडी सुरू न करता बसून राहिली. सत्तावीस वर्षं. आईने उंबेलिनासाठी लोकरीचं पांघरूण विणलं होतं, कपाटात कागदात गुंडाळून ठेवलं होतं. विमानतळावर उतरल्यावर आईच्या बाजूला आपण असू, असं फिलोमेनाने वर्षभर मनाशी पाहिलं होतं. आई रडेल, मावशी ओळखेल की नाही कुणास ठाऊक, आणि आपण मधे उभ्या असू. यातलं आता काही होणार नव्हतं. एका महिन्याच्या दोन-दोन रेघांपायी. तिला रडू आलं नाही. नुसता संताप आला, आणि तो कुणावर काढावा ते समजेना.

घरी टीव्ही मोठ्याने चालू होता. लाइल स्टुलावर बसून मडक्यातल्या उरलेल्या रश्श्यात बुडवून कालचा पाव खात होता.

“ती मडकं घासत नाही आणि मला घासू देत नाही,” त्याने तक्रार केली. “मडक्याला साबण लागला तर म्हणे चव जाते. निदान कूलर तरी आणलास का?”

“नाही.”

“कूलर आणला का विचार तिला,” दियोलिंडा आतून म्हणाली. विचारायचं होतं फिलोमेनालाच, पण सवयीने ती तसंच बोलली. “आणि माझी निळी बॅग माळ्यावरून काढ. नऊ दिवस राहिले. उंबेलिनाचा फोन होता. म्हणजे नर्सने लावून दिला. फिलोमेना येतेय ना, म्हणून तीनदा विचारलं तिने. मी म्हटलं, येतेय, येतेय, ती नाही आली तर मला विमानात चढवणार कोण?”

फिलोमेनाने पर्स टेबलावर ठेवली. रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

“काय झालं?” लाइलने विचारलं. “नोकरी गेली?”

“नाही. माझी चूक झाली. चाळीस गोळ्या चुकल्या, त्या पुन्हा टाकायच्यात. दहा तारखेपासून वीसपर्यंत.”

“दुसऱ्या कुणाला सांग,” दियोलिंडा म्हणाली, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच लाइलने तिच्या बोलण्याला मान डोलावली. “अख्ख्या अमेरिकेत भोकात गोळी टाकायला दुसरं माणूस नाही?”

“नाही. मी कुणाला शिकवलं नाही.”

“उंबेलिना मरेल,” दियोलिंडा म्हणाली. आवाज चढवून नव्हे. “नाताळपर्यंत नाही टिकायची ती.”

“माहीत आहे, आई. म्हणून तुझं जाणं रद्द होणार नाही.”

“मग मी काय एकटी जाऊ? लिस्बनला विमान बदलायचं असतं. मला तिथला जिना आठवतो.”

लाइल स्टुलावरून अर्धवट उठला होता. त्याला बहुतेक काय येतंय त्याचा वास आला होता. “फिलो,” तो म्हणाला, “मला त्या बेटावर काय कळणार? मी तिच्याशी काय बोलणार? दोन आठवडे? आणि माझा पासपोर्ट...”

“तुझा पासपोर्ट अजून चार वर्षं चालतो, मी पाहिलाय,” फिलोमेना म्हणाली. “नऊ तारखेला मी विमानात नाही. माझं तिकीट रद्द केलंय आणि तुझं काढलंय. आईला तू घेऊन जाणार आहेस.”